सूची एका क्लिकवर होते का? सीमाभागातल्या मराठी पुस्तकाच्या निमित्ताने

प्रश्न थोडक्यात असा आहे. खानापूर तालुक्याच्या इतिहासावरचे सुमारे तीनशे पानांचे मराठी पुस्तक बेळगावात अक्षरजुळणीला आहे. डीटीपीवाले म्हणतात, शेवटची नामसूची-विषयसूची संगणक एका क्लिकवर काढून देतो. आणखी कोणी सांगितले, आता एआयला फाइल दिली की झाले. मग सूचीकाराला पैसे द्यायचे कशाला, आणि तंत्रज्ञानामुळे या व्यवसायात नेमके बदलले तरी काय?

आधी उत्तर, मग कारणे. संगणकाने सूचीकाराची हमाली घेतली: चिठ्ठ्या लिहिणे, त्या अकारविल्हे लावणे, पाने सरकली की आकडे बदलणे. काय नोंदवायचे आणि कोणत्या नावाखाली, हे काम त्याने घेतलेले नाही. इंग्रजीत निदान शब्द शोधून देण्यात तो चोख आहे. मराठीत तेही अर्धवट होते, आणि एकेका गावाला दोन-दोन, तीन-तीन नावे असलेल्या सीमाभागात तर अर्ध्याहूनही कमी. म्हणून वेळ आणि पैसा सॉफ्टवेअरवर नव्हे, मजकूर साफ करण्यावर आणि नावांची एक पक्की यादी तयार करण्यावर घाला.

पूर्वी पाच बाय तीन इंचांची कार्डे असत. शेवटचे पानवार प्रूफ हाती आल्याशिवाय काम सुरूच होत नसे. एका कार्डावर एक नोंद, मग खोक्यात वर्णानुक्रमे लावणे, मग टंकलेखन. मध्येच लेखकाने दोन परिच्छेद वाढवले की पुढचे सगळे पृष्ठांक चुकत. इंग्लंडमध्ये १९५७ साली सूचीकारांची संस्था उभी राहिली तेव्हा धंद्याचे हत्यार हेच होते. १९८०च्या दशकात मॅक्रेक्स, सिंडेक्स आणि पुढे स्काय इंडेक्स अशी खास सॉफ्टवेअरे आली. ती सूची ‘बनवत’ नाहीत. तुम्ही टाकलेली नोंद क्रमाने लावतात, एकसारख्या नोंदी एकत्र करतात, आणि ‘अमुक पाहा’ म्हटलेली नोंद सूचीत नसेल तर ओरडतात. हा शेवटचा गुण सर्वांत मोलाचा, कारण आंधळी ‘पाहा’ नोंद माणसाच्या नजरेतून हमखास सुटते. ही सगळी सॉफ्टवेअरे इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून लिहिली गेली आहेत, तेव्हा देवनागरीची क्रमवारी तपासल्याशिवाय विकत घेऊ नका. एका पुस्तकासाठी लिबरऑफिस कॅल्कचा तक्ता पुरतो.

दुसरा बदल म्हणजे मजकुरातच खूण पेरणे. वर्डमध्ये शब्द निवडून ऑल्ट-शिफ्ट-एक्स दाबले की तिथे अदृश्य नोंद बसते. पानमांडणीच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरच्या इंडेक्स पॅनेलमध्ये तेच होते. पाने कितीही सरकली तरी खूण मजकुराबरोबर सरकते, पुन्हा सूची काढली की आकडे नवे. फायदा खरा आहे. पण खुणा पेरलेली फाइल डीटीपीवाल्याने परिच्छेद कापून-चिकटवून हलवली की काही खुणा मागे राहतात, काही दुप्पट होतात, आणि दिसत नसल्यामुळे कळतही नाही. शिवाय वर्डमध्ये शंभर ठिकाणी पेरलेली नोंद बदलायची झाली तर शंभरही खुणा बदलाव्या लागतात. माझे मत असे की एका आवृत्तीच्या छापील पुस्तकासाठी शेवटच्या प्रुफावरून वेगळ्या तक्त्यात केलेली सूची बरी. दुसरी आवृत्ती किंवा ई-बुक नक्की असेल तरच खुणा पेरा.

वर्डमध्ये पेरणार असाल तर एक खास मराठी खड्डा सांगून ठेवतो. वर्ड मुख्य नोंद आणि उपनोंद अपूर्णविरामाने वेगळी करतो. आपल्याकडे विसर्गाच्या जागी कीबोर्डवरचा अपूर्णविराम टाकायची सवय सार्वत्रिक आहे. त्यामुळे ‘अंत:पुर’ अशी नोंद केली की सूचीत ‘अंत’ ही मुख्य नोंद आणि तिच्याखाली ‘पुर’ ही उपनोंद उगवते. सगळे विसर्ग आधी खरे करून घ्या.

आता ‘एका क्लिकवर’ म्हणतात ती गोष्ट. वर्डमध्ये दोन रकान्यांची यादी देता येते: डावीकडे शोधायचा शब्द, उजवीकडे सूचीतली नोंद. वर्ड पुस्तकभर तो शब्द शोधून खुणा टाकतो. इंग्रजीतही अनुभवी सूचीकार ही सोय जपून वापरतात, कारण ती उल्लेख आणि माहिती यांत फरक करत नाही. ‘खानापूरहून गाडी सुटली’ हाही उल्लेख आणि खानापूरच्या पेठेवरची चार पानेही उल्लेखच.

मराठीत त्याआधीच गाडी अडते. मराठी नाम प्रत्यय घेताना स्वतःच बदलते. ‘खानापूर’ शोधले तर ‘खानापूरचा’ निदान साध्या शोधात सापडतो, ‘खानापुरात’ आणि ‘खानापुराहून’ सापडत नाहीत, कारण पू ऱ्हस्व झालेला असतो. शहापूर, कित्तूर, येळ्ळूर यांची तीच गत. हिंडलगा हिंडलग्यात होतो, कुलकर्णी कुलकर्ण्यांनी होतात, देशपांडे एका प्रकरणात देशपांड्यांनी आणि पुढच्यात देशपांडेंनी. म्हणून पूर्ण शब्द न शोधता न बदलणारा भाग शोधायचा. नोटपॅड प्लस प्लसमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे एका साच्यात अनेक रूपे शोधण्याची सोय, चालू करून खानाप[ुू]र असे दिले की दोन्ही रूपे येतात. उलटाही धोका आहे. हलगा गावासाठी ‘हलग’ शोधाल तर हलगी आणि हलगर्जीपणा दोन्ही हजर. संगणकाने दिलेली प्रत्येक जागा वाचावी लागते, त्याला इलाज नाही.

जुना मजकूर उद्धृत केला असेल तर आणखी एक थर चढतो. १९६२च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीच्या पत्रांत, वृत्तपत्रांत ‘बेळगांव’, ‘बेळगांवांत’ असते, आणि अवतरणातले शुद्धलेखन सूचीसाठी बदलायचे नसते. ‘बेळगावी’ या एका रूपाचे तर तीन अर्थ होतात: जुन्या मराठीत ‘बेळगाव येथे’, विशेषण म्हणून ‘बेळगावी कुंदा’, आणि १ नोव्हेंबर २०१४ पासूनचे शहराचे अधिकृत नाव. तिन्ही अर्थ वाक्य वाचूनच कळतात.

शोध घेण्याआधी मजकुराची अंतर्गत घडण सारखी करून घ्यावी लागते. पानावर सारखे दिसणारे दोन शब्द संगणकाला वेगळे असतात. ‘कऱ्हाड’मधला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो: ऱ या स्वतंत्र वर्णाला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त आणि मागून एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. लेखकाच्या संगणकावर एक, डीटीपीवाल्याकडे दुसरे, आणि सूचीत कऱ्हाड दोनदा. ‘ॲड.’चेही तसेच. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला संगणकासाठी ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक तक्त्यात, २००८ साली स्वतंत्रपणे आले. त्याआधीच्या सवयीने कोणी अ वर चंद्र टंकतो, कोणी हिंदी पद्धतीचा ऍ. तेव्हा पहिल्याच दिवशी पूर्ण मजकुरावर शोधा-आणि-बदला चालवा: अर्ध्या र चा एकच प्रकार, ॲ चा एकच प्रकार, खरा विसर्ग, दोनदा पडलेले अनुस्वार एक, वेलांटीआधी पडलेला अनुस्वार वेलांटीनंतर, आणि नको तिथली अदृश्य चिन्हे बाद. मात्र बदल केल्यावर छपाईच्या फॉन्टमध्ये तो अर्धा र नीट उमटतो का, हे एक पान काढून बघा. काही फॉन्टांना दोनपैकी एकच प्रकार झेपतो.

पुस्तकाचा काही भाग जुन्या फाइलींतून आला असेल, श्रीलिपी किंवा तत्सम युनिकोडपूर्व फॉन्टमधला, तर त्यात खाली देवनागरी नसतेच, रोमन अक्षरांचे सांकेतिक कडबोळे असते. परिवर्तक सॉफ्टवेअर वापरावे लागते आणि त्यात रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरे हलतात. सीमाभागातल्या पुस्तकात यापुढची भानगड ठरलेली. शिलालेखाचे किंवा सरकारी आदेशाचे कन्नड उतारे नुडी किंवा बरहाच्या जुन्या फॉन्टमध्ये असतात. त्यांच्याही खाली तसलीच रोमन चिन्हे. मराठी परिवर्तक सरसकट चालवला तर कन्नड उताऱ्याचे मराठी अक्षरांत गचाळ होऊन बाहेर पडते, आणि ते कन्नड होते हे नंतर ओळखूही येत नाही. फॉन्टच्या नावावरून कन्नड भाग आधी वेगळा काढा, त्याचे परिवर्तन कन्नड परिवर्तकाने करा, मग परत जागेवर ठेवा.

पीडीएफवर विसंबू नका. परीक्षा सोपी आहे. एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. ‘निपाणी’ची वेलांटी न च्या आधी जाऊन बसली असेल किंवा जोडाक्षराच्या जागी चौकोन आला असेल, तर त्या पीडीएफमध्ये शोध घेणे म्हणजे नसलेल्या गोष्टीची खात्री करून घेणे. ‘सापडले नाही’ याचा अर्थ ‘पुस्तकात नाही’ असा होत नाही. डीटीपीवाल्याकडून इनडिझाइनमधला मजकूर बाहेर काढून मागा, आणि प्रत्येक पानाच्या सुरुवातीला ठळक खुणेत छापील पृष्ठांक टाकून घ्या, म्हणजे शोधात आलेल्या जागेचे पान लगेच वाचता येईल.

क्रमवारीचा घोळ वेगळाच. मराठी वर्णमालेत ळ ह-नंतर येतो. युनिकोडच्या तक्त्यात तो ल च्या शेजारी, व च्या आधी बसवला आहे. त्यामुळे सांकेतिक क्रमाने लावणारा प्रोग्राम कडोली, कणकुंबी, कळसा, कसमळगी असा क्रम देतो. मराठी वाचक कळसा शोधतो कसमळगीनंतर. कन्नडातही ळ ह-नंतरच आणि युनिकोडमध्ये तीच तऱ्हा, तेव्हा शेवटी वेगळी कन्नड सूची देणार असाल तर तिथेही हेच तपासा. लिबरऑफिसमध्ये क्रमवारीच्या पर्यायांत भाषा मराठी निवडा आणि वरची चार नावे टाकून बघा. बरोबर लागली तर उत्तम. न लागली तरी पाचशे नोंदींत खरोखर जागा चुकलेल्या नोंदी हातावर मोजण्याएवढ्या असतात. त्या सगळ्यात शेवटी हाताने सरकवा. त्यासाठी प्रोग्राम लिहून घेण्याचा खटाटोप एका पुस्तकाला परवडत नाही.

अनुस्वाराचे काय करायचे हे मात्र तुम्ही ठरवायचे. कंग्राळी ‘क’च्या अगदी आरंभी ठेवणारी एक पद्धत आहे, ‘कौ’नंतर ठेवणारी दुसरी. क्ष आणि ज्ञ शेवटी स्वतंत्र अक्षरे म्हणून, की क आणि ज यांच्या जोडाक्षरांत, हेही तसेच. दोन्ही चालतात, मिसळण चालत नाही. सूचीच्या डोक्यावर दोन ओळींत पद्धत सांगून टाका. ‘डॉ.’, ‘कै.’, ‘पं.’, ‘राणी’ या उपाधी क्रमात धरायच्या नसतात, म्हणून तक्त्यात ‘क्रमासाठी’ असा वेगळा रकाना ठेवा आणि त्यात उपाधीशिवायचे नाव लिहा.

आता सर्वांत कष्टाचा भाग, जो कुठलेच यंत्र तुमच्यासाठी करून ठेवणार नाही: नावांची पक्की यादी. प्रत्येक माणसाचे आणि गावाचे एक मुख्य रूप ठरवायचे आणि बाकीची सगळी रूपे त्याच्याकडे वळवायची. गावांपासून सुरुवात करा. सौंदत्ती आणि सवदत्ती, हलशी आणि हलसी, हुबळी आणि हुब्बळ्ळी, विजापूर आणि विजयपूर. मराठी, कन्नड आणि इंग्रज सरकारी कागद यांतून एकाच गावाची तीन रूपे एका प्रकरणात येतात. मुख्य नोंद तुमच्या वाचकाच्या तोंडी असलेल्या नावाने करा आणि दुसऱ्या प्रत्येक रूपाला ‘पाहा’ नोंद द्या. नावाचा वाद पुस्तकात घालायचा तेवढा घाला, सूचीत नको. बेळगावी म्हणून शोधणाऱ्या वाचकालाही पान सापडले पाहिजे. राज्यांच्या नावाला काळाचे भान ठेवा: १९५६ पूर्वी हा भाग मुंबई राज्यात होता, त्यानंतर म्हैसूर राज्यात, आणि त्याच राज्याचे नाव १९७३ साली कर्नाटक झाले. सीमावादासाठी १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगावरच्या पानांत ‘म्हैसूर’ म्हणजे शहर नव्हे. संगणक ही पाने म्हैसूर शहराखाली घालतो.

एकाच नावाची दोन गावे तर तुमच्या पुस्तकाच्या शीर्षकातच बसली आहेत. बेळगाव जिल्ह्यात खानापूर आहे, तसे सांगली जिल्ह्यातही आहे. शहापूर म्हणजे बेळगावचे, जे पूर्वी सांगली संस्थानात होते, की यादगीरकडचे? नोंदीतच कंसात ठिकाण द्या.

माणसांच्या नावांत ‘शेवटचा शब्द आडनाव’ हा नियम प्रोग्रामला शिकवलेला असतो आणि इथे तो सपशेल पडतो. ‘कुमार गंधर्व’ची तो ‘गंधर्व, कुमार’ अशी उलटापालट करतो. हवे असते ते ‘कुमार गंधर्व’ हीच नोंद, आणि ‘कोमकली, शिवपुत्र सिद्धरामय्या’ कडून तिकडे ‘पाहा’. ‘आलूर वेंकटराव’ यांत आलूर हे घराण्याचे नाव आधीच पुढे आहे, ते ‘वेंकटराव, आलूर’ झाले की नोंद हरवली. अंबिकातनयदत्त हे कन्नड कवी बेंद्रे यांचे टोपणनाव; ‘अंबिकातनयदत्त पाहा बेंद्रे, द. रा.’ ही नोंद धारवाडकडच्या वाचकाला नको असेल, मराठी वाचकाला हवी. इंदिरा संतांचा विवाहापूर्वीचा उल्लेख असेल तर ‘दीक्षित, इंदिरा पाहा संत, इंदिरा’. चन्नम्मा आणि चेन्नम्मा यांपैकी एक ठरवा. देशपांडे, कुलकर्णी, पाटील यांच्या बाबतीत नुसत्या आडनावाने आलेला प्रत्येक उल्लेख संदर्भ वाचून योग्य माणसाच्या नावावर टाकायचा. गंगाधरराव देशपांडे एका पानावर पूर्ण नावाने येतात, पुढची सहा पाने नुसते ‘देशपांडे’ किंवा ‘अध्यक्ष’ म्हणून.

ही यादी झाली की सूचीचा एक तुकडा असा दिसतो (पृष्ठांक नमुन्यादाखल):

बेळगाव (शहर)
— किल्ला ३१–३६
— होमरूल लीगची स्थापना (१९१६) ९८
— काँग्रेस अधिवेशन (१९२४) ११२–११८
— साहित्य संमेलन (१९४६) १५४–१५७. हेही पाहा माडखोलकर, ग. त्र्यं.
— नामांतर (२०१४) २७१
बेळगावी पाहा बेळगाव (शहर)
वेणुग्राम पाहा बेळगाव (शहर)

उपनोंदी इथे कालक्रमाने लावल्या आहेत. इतिहासाच्या पुस्तकात ते सोयीचे पडते, पण मग सगळीकडे तसेच हवे. एका नोंदीपुढे सहा-सातपेक्षा जास्त सुटे पृष्ठांक जमले की तिला उपनोंदी पाडायच्याच. ‘खानापूर’पुढे चाळीस आकड्यांची रांग लावणारी सूची कोणी उघडत नाही. ती नेमकी ‘एका क्लिक’ची ओळख.

विषयांच्या नोंदींत तर शब्द शोधून भागतच नाही. १९८१च्या निपाणीच्या तंबाखू आंदोलनावरच्या एखाद्या पानावर रास्ता रोको असेल, महामार्ग असेल, शेतकरी असतील, ‘तंबाखू’ हा शब्द एकदाही नसेल. दुष्काळाच्या पानावर पावसाने दडी मारलेली असते, विहिरी आटलेल्या असतात. तिथे नोंद पाहिजे हे वाचणाऱ्यालाच कळते.

एआयला निदान हे कळेल, असे म्हणाल. काही अंशी कळते, आणि म्हणून ते टाकाऊ नाही. पण कामाला कसे लावायचे ते नीट बघा. पूर्ण पुस्तक देऊन ‘सूची कर’ म्हटले तर दिसायला सुबक सूची मिळते. तिच्यातले पृष्ठांक मात्र अंदाजपंचे असतात, पुस्तकाच्या मधल्या भागातली नावे गळतात, आणि कधी पुस्तकात नसलेले नावही शिरते. पीडीएफचे पान आणि छापील पान यांत प्रस्तावनेच्या पानांचा फरक असतो. पीडीएफचे २४वे पान छापील १६वे असू शकते, आणि यंत्र कोणता आकडा देईल याचा नेम नाही. त्याऐवजी पाच-पाच पाने द्या, प्रत्येक पानावर छापील पृष्ठांकाची खूण ठेवा, आणि फक्त एवढेच मागा: या पानावरची व्यक्तिनामे, स्थलनामे आणि विषय, जशी छापली आहेत तशी. ‘जशी छापली आहेत तशी’ हे सांगितले नाही तर ते बेळगांवचे बेळगाव करून टाकते आणि मग मूळ जागा शोधता येत नाही. एखाद्या नावाची सगळी विभक्तिरूपे काढून मागणे, दोन नोंदी एकाच माणसाच्या असाव्यात का अशी शंका मागणे, या कामांत ते खरेच वेळ वाचवते. निर्णय तुमच्या पक्क्या यादीवरूनच. सुरुवातीला दहा पानांची सूची हाताने करून एआयच्या यादीशी ताडून बघा. काय सुटते आणि काय जादा येते याचा अंदाज तिथेच येतो. आणखी एक: अप्रकाशित पुस्तक बाहेरच्या सेवेला देण्याआधी लेखक-प्रकाशकाची परवानगी घ्या, विशेषतः मुलाखती किंवा खासगी पत्रे त्यात असतील तर.

वेळेचे गणित साधारण असे धरा. इतिहासाचे पुस्तक वाचत-नोंदवत तासाला सहा ते दहा पाने होतात. तीनशे पानांना तीस ते पन्नास तास, आणि नंतरच्या जुळवाजुळवीला त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढे. पानाला सरासरी पाच उल्लेख धरले तर दीड हजार उल्लेख, पाचशेच्या आसपास मुख्य नोंदी, उपनोंदी आणि ‘पाहा’ धरून नऊशे ओळी. दोन स्तंभांत, स्तंभाला चाळीस ओळी धरल्या तर बारा पाने. मूळ मजकुरापेक्षा दीड-दोन पॉइंट लहान टाइप चालतो, त्याहून लहान नको.

हे बारा पानांचे गणित छापखान्याशी आधीच बोला. पुस्तक सोळा पानांच्या फर्म्यांत, म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या गठ्ठ्यांत, छापले जाते. सुरुवातीची आठ आणि मजकुराची ३१२ मिळून ३२० झाली तर वीस फर्मे पूर्ण, आणि सूचीला जागा शून्य. मग ऐन वेळी सूची आठ पानांच्या अर्ध्या फर्म्यात कोंबतात, म्हणजे उपनोंदी उडवतात. मराठी पुस्तकांतल्या कितीतरी सूच्या नुसत्या नावांच्या याद्या झाल्या आहेत त्या अशाच.

कोणी करायचे? मराठीत याच कामावर पोट भरणारे सूचीकार शोधूनही मिळणार नाहीत. ग्रंथपाल, संशोधक विद्यार्थी, जाणते मुद्रितशोधक हेच करतात, आणि तुमच्या पुस्तकाला मराठी-कन्नड दोन्ही वाचणारा माणूस हवा. बेळगाव-खानापूरकडे तो पुण्या-मुंबईपेक्षा लवकर मिळेल. मोबदला छापील पानामागे ठरवा, नोंदीमागे कधीही नको. नोंदीमागे ठरवला की ‘गाडी सुटली’चीही नोंद होते. लेखकाने स्वतः केली तर नावे बिनचूक येतात, पण त्याला जे महत्त्वाचे वाटते तेच येते आणि वाचक जे शोधेल ते राहते. लेखकाने नावांची यादी तपासावी, नोंदी दुसऱ्याने कराव्यात, ही वाटणी उत्तम.

ई-बुक काढणार असाल तर तिथे पान ही गोष्टच पक्की नसते, अक्षर मोठे केले की पाने बदलतात. पृष्ठांकाऐवजी परिच्छेदाला दुवा द्यावा लागतो. इनडिझाइनमध्ये खुणा पेरल्या असतील तर ईपब काढताना दुवे तयार होतात. वेगळ्या तक्त्यातून केलेल्या सूचीला ते हाताने जोडावे लागतात. ‘ई-बुकात शोध असतो, सूची कशाला’ असे म्हणणाऱ्याला त्याच पुस्तकात ‘खानापूर’ शोधायला सांगा.

शेवटचे टप्पे घाईत बिघडतात म्हणून लिहितो. तक्त्यात काम चालू असेपर्यंत पृष्ठांक इंग्रजी अंकांत ठेवा. देवनागरी अंक ही संख्या आहे हे सगळ्या सूत्रांना कळतेच असे नाही, मग १०० हा ९९च्या आधी येतो. दहा अंकांचे शोधा-आणि-बदला अगदी शेवटी करा. स्तंभ किंवा पान बदलताना मुख्य नोंद मागे राहून उपनोंदी पुढे गेल्या तर वरती ‘बेळगाव (शहर), पुढे चालू’ अशी ओळ टाकायला डीटीपीवाल्याला सांगा. सूचीचे प्रूफ आले की वेगवेगळ्या अक्षरांतले चाळीसएक पृष्ठांक उचलून छापील पानांशी ताडा, आणि प्रत्येक ‘पाहा’ जिथे पाठवते ती नोंद आहे ना ते बघा. दोनपेक्षा जास्त आकडे चुकले तर कुठल्या पानापासून फरक सुरू होतो ते शोधा. बहुतेक वेळा मजकुरात ऐन वेळी एक छायाचित्राचे पान वाढलेले असते. ते निस्तरल्याशिवाय शेवटचा फर्मा छपाईला सोडू नका.